अंधेरीच्या तारांगणातला मंगळ

मुलुंडहून निघतानाच आईनं ताईची पत्रिका पिशवीत टाकली आणि माझी सहल नासली. अंधेरीला एका निवृत्त मास्तरांनी माडीवर छोटं तारांगण उभारलंय, रविवारी कुणालाही दाखवतात, असं बाबांनी कारखान्यात ऐकलं होतं. मला वाटलं, घरात एकदाचं विज्ञान शिरतंय. आईचा विचार वेगळा होता. ताईला मंगळ, तोही सातव्या घरात. भांडुपच्या स्थळानं पत्रिका मागितली होती, ती आज संध्याकाळीच पोचवायची होती. तारे दाखवणारा माणूस काही तोड सांगेल, ही तिची आशा.

"तो ज्योतिषी नव्हे, आई."

"आकाशातलं कळतं ना त्याला? मग झालं."

ताई दाराला कुलूप लावत होती. मुलगा तिला आवडला होता, हे तिनं मला एकटीला सांगितलं होतं. मुलीला न विचारता तिला दोषी ठरवणारा कागद जाळावा, हे माझं मत मी आमच्या घरात आणि माझ्या छापील पत्रकांतून अनेकदा मांडलंय. त्या दिवशी ताईकडे बघून गप्प बसले.

घाटकोपरला आम्ही अंधेरीची बस धरली. दगडाच्या खाणी मागे पडल्या, भातखाचरं आणि ताडाची झाडं लागली. साकीनाक्यापुढे म्हशी रस्ताभर उभ्या राहिल्या आणि बस खोळंबली. बाबांनी उकडलेल्या शेंगा काढल्या. आईनं पिशवी पोटाशी धरली होती.

"मावशी, खाली ठेवा ती. कोण नेत नाय," कंडक्टर म्हणाला.

"ऱ्हवांदे रे (राहू दे)."

तारांगण म्हणजे कापडाचा पांढरा घुमट आणि मधोमध भोकं पाडलेला पत्र्याचा गोळा, आत दिवा. मास्तरांनी खिडक्या लावल्या, दांडा फिरवला. पूर्वेकडून तारे वर चढू लागले. बाबांच्या तोंडून हळूच "आयला" निघालं. मी हरखले होते, तेवढ्यात आईनं पत्रिका पुढे केली.

मास्तर हसले नाहीत. "फळ मला सांगता येत नाही. जन्माच्या पहाटेचं आकाश लावून देतो." पत्रिका वाचून त्यांनी लाल कागद लावलेली छोटी बॅटरी गोळ्याला बांधली. पश्चिमेला, घुमटाच्या कडेच्या जरासा वर, तांबडा ठिपका उमटला.

"सातवं घर म्हणजे मावळतीची कड. जन्मवेळ पक्की ना?"

"परळच्या चाळीत घड्याळ कुठलं? गिरणीचा भोंगा झाला नि ही रडली."

"पहिला की दुसरा? दुसरा असेल, तर असं." त्यांनी दांडा किंचित फिरवला. ठिपका कडेखाली गेला.

"म्हणजे सहाव्या घरात," आई म्हणाली. "सुटली माझी पोर."

हे थोतांड आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ठिपका बुडाला तेव्हा माझाही रोखलेला श्वास सुटला.

रस्त्यावर आल्याबरोबर आईनं ठरवलं, वाटेत जोशीबुवांकडून नवी पत्रिका मांडून घ्यायची.

"पहिलाच भोंगा होता गं," बाबा म्हणाले. "दुसऱ्याला मी साच्यावर (मागावर) उभा होतो. निरोप आधीच आला होता."

"दुसरा म्हटलंत तर जीभ झडेल?"

"पत्रिकाच देऊ नका," मी म्हटलं.

"तू गप. तुझी पत्रकं वाचून कोणी लग्न करत नाही."

ताई मागून येत होती. "आहे तीच द्या."

"खुळी की काय तू?"

"त्या घरात कुणाला साधा ताप आला तरी मला तो मंगळच वाटणार, आई. रोज उठून मी भोंगाच आठवत बसू?"

आईनं पिशवीतून जुनीच पत्रिका काढून बाबांच्या हातात दिली. परतीची बस आली, आम्ही चढलो.

घाटकोपरहून लोकलनं भांडुपला उतरलो. बाबा एकटेच पत्रिका द्यायला गेले, आम्ही तिघी फलाटावरच्या बाकावर बसलो. मंगळाविरुद्ध मी अजून पुष्कळ लिहिणार आहे. पण ज्यांनी वाचायला हवं ती माणसं स्टेशनबाहेरच्या त्या घरात होती, आणि त्यांच्या हातात माझा नव्हे, ताईचा कागद पडत होता.

बाबा परतले. "दिली. कळवतो म्हणाले. चहा विचारला."

"चहा विचारला?" आई सावरून बसली. "मग मनात आहे त्यांच्या."

"चहा सगळ्यांनाच विचारतात गं," ताई म्हणाली, आणि गाडी येते का ते बघायला उठून उभी राहिली.