टीव्हीवरच्या अक्षता

परवा जुन्या पेटीत गोल पिनांची एक काळी वायर सापडली आणि ताईच्या लग्नानंतरचा पांढुर्ण्यातला एक रविवार आठवला. ताईला मोठ्या आईनं, म्हणजे माझ्या विधवा काकूनं, लहानाचं मोठं केलं होतं. पण लग्न लागताना ती मांडवात आलीच नाही, आत कोठीच्या खोलीत बसून राहिली. भाऊजींना ते लागलं असावं. ताईला घेऊन ते सौसरहून आले तेव्हा लग्नाची कॅसेट आणि भाड्याचा व्हीसीआर बसमध्ये मांडीवर धरून आणला होता, आणि संध्याकाळी तो परत द्यायचा होता. अँटेनाची वायर काढून त्यांनी ही काळी वायर टीव्हीला जोडली, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या. दुपार सरत आली. "जावईबापू, राहू द्या ना, काहून तरास करून राहिले?" मोठी आई म्हणाली. "तुम्ही फक्त बसा," म्हणत ते घामाघूम होऊन चॅनलची चकती फिरवत राहिले. एकाएकी मुंग्या विरल्या आणि अंतरपाटाआड उभी ताई दिसली. मंगलाष्टकं सुरू होताच मोठी आई उठून आत गेली. आम्हाला वाटलं, रडायला गेली. पण ती मूठभर तांदूळ घेऊन आली आणि दर 'सावधान'ला टीव्हीवर अक्षता टाकू लागली. कोणी हसलं नाही. ताई उठली, भाऊजींना हाताला धरून टीव्हीला टेकून बसली आणि अक्षता त्या दोघांच्या डोक्यावर पडू लागल्या. पुढं आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात मोठी आई मांडवात पुढं उभी राहिली. माझ्या लग्नात तिनं इतक्या जोरानं अक्षता फेकल्या, की अंतरपाटाआडूनही मला तिची मूठ ओळखू आली.