तांदळातलं नाव

आता काय सांगू तुम्हाला, माणसाला स्वतःचं नाव विसरता येतं का हो? मला आलं! तेही भर विमानतळावर, एवढ्या मोठ्या रांगेत. चहा घ्या, गार होतोय. सांगते.

नागावात आमची नारळी-पोफळीची वाडी. वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या आणि रस्त्यावर पाटी, ‘मुग्धाकाकूंचं घर’. ती मुग्धाकाकू म्हणजे मीच. पाहुणा कितीही मोठा असो, आधारकार्ड पाहिल्याशिवाय मी चावी देत नाही. एकदा एकांनी खोली ‘बंटी’ नावानं सांगून ठेवली आणि कार्डावर निघाले पुरुषोत्तम! त्यांना ओटीवरच उभं करून मी ऐकवलं होतं, “स्वतःचं नाव धड सांगता येत नाही तुम्हाला?” हे वाक्य लक्षात ठेवा बरं का.

तर, माझा धाकटा भाऊ विनू बंगळुरूला असतो. लग्नानंतर तब्बल बारा वर्षांनी त्याच्या घरी पाळणा हलला. मुलगी! बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. नाव विनू आणि त्याच्या बायकोनं, अनघानं, ठरवलेलंच होतं, इरा. मी फक्त जाऊन कानात सांगायचं. पण त्या ‘फक्त’साठी मी बारा वर्षं देवापुढे नारळ ठेवत होते हो.

विनू फोनवर म्हणाला, “ताई, तिकीट मी काढतो.”

“काही नको. मला येतं सगळं!”

आणि दुपारी मोबाइल घेऊन वाडीतल्या झोपाळ्यावर बसले. तिथेच चुकलं. झोपाळा हलायला लागला की मी जाग्यावर राहत नाही, हा माझा जुना रोग. वर पोफळींच्या शेंड्यांमधून एक इवलंसं विमान चाललं होतं, आवाजसुद्धा नाही. मी त्यात जाऊन बसलेसुद्धा! खिडकीतून वाडी पाहिली, ढगावर पाय पसरले, मांडीवर इरा घेतली. खाली मोबाइल विचारत होता, प्रवाशाचं नाव? मी वरूनच लिहिलं, मुग्धा.

जायच्या दिवशी सकाळी नामदेव रिक्षावाला मांडव्याला लाँचवर सोडायला आला.

“वहिनी, आधारकार्ड घेतलंत न्हवं? न्हायतर दारातूनच परत धाडतात.”

“मला शिकवतोस? सगळ्या गावाची कार्डं मी बघते!”

लाँच सुटली. पाण्यावर कोवळं ऊन, मागे बगळ्यांसारखे पांढरे पक्षी, आणि माझ्या ओठांवर सारखं इरा, इरा. मुंबई कधी आली कळलंच नाही.

विमानतळाच्या दारात एक तरुण जवान. त्यानं तिकीट पाहिलं, कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं.

“ये मुग्धा कौन है?”

“मैं.”

“और ये शकुंतला?”

अगं बाई! खाडकन जमिनीवर आले मी. आधार काढताना शाळेचा दाखला लावला होता आणि दाखल्यावर माहेरचं नाव. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘मुग्धा’ लिहिलं, त्या दिवसापासून शकुंतलेला कुणी हाक मारलीच नव्हती. मला ते नाव आवडायचंही नाही. कार्डावर होतं, पण रोज दिसणाऱ्या कॅलेंडरसारखं, बघतो कोण?

“वो भी मैंच हूँ,” मी म्हटलं. “ये नाम मेरे मिस्टर ने तांदूळ में लिखा.”

“किसमें?”

“चावल में! शादी में!”

मागची रांग हसायला लागली. मी मोबाइलवर पाटीचा फोटो दाखवला. जवान म्हणाला, “माताजी, बोर्ड नहीं चलेगा.” मग ह्यांना फोन लावून स्पीकरवर टाकलं. हे खणखणीत आवाजात म्हणाले, “हां साहब, नाम मैंने ही रखा है!” जवान शांतपणे म्हणाला, “तो आधार में भी रख देते.”

बोला!

बाहेरच्या तिकीटखिडकीतली मराठी मुलगी बिचारी गोड होती. “काकू, एखादं अक्षर चुकलं तर बघता येतं. इथे अख्खी बाईच बदलली आहे.” नवं तिकीट, चारचं विमान. आणि बारसं पाचला! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बारा वर्षं वाट पाहिली आणि माझ्याच वेंधळेपणानं मान जाणार?

मी विनूला फोन केला. तो म्हणाला, “शकूताई, तू ये. पाळणा थांबेल.”

लहानपणची हाक हो! मला आणखीच रडू आलं. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, “नाव सांगा.”

“मुग्धा.”

“काकू!”

“शकुंतला! शकुंतला, शकुंतला!”

पुढे दारात शकुंतला, तपासणीला शकुंतला, विमानात चढताना शकुंतला. धसकाच घेतला होता, कुणी नुसतं पाहिलं तरी मी नाव सांगत होते. विमान उडालं आणि खाली आमचा किनारा दिसला. पांढरी रेघ, हिरवी झालर, पाण्यात बसलेला अलिबागचा किल्ला. आमची वाडी कुठली, काही कळेना. पण त्यातल्याच एका हिरव्या ठिपक्यात माझा झोपाळा होता. मी काचेला नाक लावून त्याच्याकडे पाहत राहिले.

आठ वाजता पोचले. पाळणा खरंच थांबला होता. बायका ताटकळलेल्या, अनघा दमलेली, आणि मधे ते गुलाबी बाळ टक्क जागं. माझ्याकडेच बघत होतं! मी वाकले, कानाशी गेले, आणि दिवसभराच्या सवयीनं तोंडातून निघालं,

“शकुंतला!”

मोठ्यानं!

मी तर मेल्याहून मेल्यासारखी झाले. अनघानं विनूकडे पाहिलं. विनूचे डोळे भरले होते. तो म्हणाला, “ताईनं कानात घातलंय. आता तेच.” अनघानं हसून मान डोलावली. जन्मदाखल्यावर तेच लागलं.

घरात मात्र सगळे तिला इराच म्हणतात. नाव केवढं, बाळ केवढं!

सहा महिन्यांनी मायलेकी नागावला यायला निघाल्या. मी हट्टानं सांगितलं, तिकीट मीच काढणार. भाचीला पहिल्यांदा वाडी दाखवायची होती हो! झोपाळ्यावर बसून काढलं.

परवा सकाळी बंगळुरूच्या विमानतळावरून अनघाचा फोन. “ताई, दारात अडवलंय. विचारतायत, ही इरा कोण?”