नारकरकाकांची कोळीण

नारकरकाकांच्या शर्टाच्या खिशात लहान बाळाच्या पावडरीचा छोटा डबा असायचा. रोज सकाळी ते सोसायटीच्या मागे, कर्दळी आणि पपईच्या गचपणात जायचे, चिमूटभर पावडर फुंकायचे आणि वाकून बघत राहायचे. जिथे काहीच नव्हतं तिथे पांढरं, गोल जाळं उमटायचं. वॉचमन विचारायचा, "अंकल, जाला साफ कर दूँ?" काका खेकसायचे, "हाथ मत लगाना! कोळीण है उसमें." भाईंदरमध्ये कोळीण म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे मासळीवालीच यायची. तो चटकन मागे सरायचा.

मुर्ध्याच्या रस्त्यावरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये काका-काकू लालबाग सोडून आले, त्याच वर्षी आम्हीही आलो. दारं समोरासमोर. काका औषधांच्या कारखान्यात सुपरवायझर होते आणि निवृत्तीनंतरही ती सवय गेली नव्हती. पाण्यावरून सोसायटीत भांडण झालं की ते मध्ये पडून निकाल द्यायचे आणि म्हणायचे, "विषय संपला." खरंच संपायचा. सुनंदाकाकू शाळेत शिक्षिका होत्या. त्या हसून म्हणायच्या, "ह्यांचा विषय संपतो, मग माझी चाचणी परीक्षा सुरू होते."

काकूंना तो फोन आला तेव्हा काका मुलीकडे बडोद्याला गेले होते. पेपरात ज्याला डिजिटल अरेस्ट म्हणतात, तेच. पडद्यावर पोलिसाच्या वेशातला माणूस. तुमच्या नावावर गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. काकू हलल्या नाहीत. मी बेल वाजवली, तर दार फटीएवढं उघडून म्हणाल्या, "बरं वाटत नाहीये गं, नंतर ये." तेही त्याच माणसाने पढवलेलं होतं. त्याच्या सांगण्यावरून पैसे पाठवायला बँकेतही त्या स्वतःच्या पायांनी गेल्या, तिथल्या माणसांशी हसून बोलल्या. काका परतले आणि किल्लीने दार उघडून आत गेले, तर काकू खुर्चीत ताठ बसलेल्या. काकांकडे न बघता त्यांनी फोनला विचारलं, "सर, मिस्टर आलेत. बोलू का त्यांच्याशी?"

काकांनी फोन हिसकावला, सिम मोडून टाकलं, तक्रार नोंदवली आणि घरी येऊन म्हणाले, "विषय संपला."

तो संपला नव्हता. काकू दिवसाही पडदे ओढून ठेवायच्या. कुजबुजल्यासारखं बोलायच्या. आंघोळीला जायच्या आधी मोरीच्या दाराशी उभ्या राहायच्या, कोणीतरी "जा" म्हणेपर्यंत. आधी काका समजावायचे. मग चिडायला लागले. "शिकलेली बाई ना तू? फोन नाही, माणूस नाही, आता कोणाला घाबरतेस?" आमच्या घरात ऐकू यायचं. पुढे त्यांनी बोलणंच सोडलं. एका दुपारी काकू झोपल्या त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

त्यानंतर काका मागे जाऊन बसायला लागले. "घरात बसवत नाही," म्हणाले. तिथे त्यांना या कोळिणी सापडल्या. पावडरीची युक्तीही त्यांचीच. एकदा त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं. कोळिणीच्या पोटावर तांदळाच्या कणीएवढी अळी चिकटली होती. मी मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. गांधीलमाशीच्या जातीची एक बारीक माशी कोळिणीला डंख मारून थोडा वेळ निपचित करते आणि तिच्या अंगावर अंडं घालते. अळी तिला शोषून वाढते, कोळीण नेहमीसारखं जाळं विणत राहते. शेवटी अळी तिच्या अंगात काहीतरी सोडते. मग कोळीण आपलं जाळं विसरून भलतंच विणते. मोजक्या, जाड, मजबूत दोऱ्या. त्या असतात अळीचा कोष टांगायला. तेवढं काम झालं की अळी तिला संपवते.

"कोणी धरून करवून घेत नाही?" काकांनी विचारलं.

"नाही."

"आपणहून करते."

ती कोळीण तशीच गेली. पुढे आणखी एकीवर अळी दिसली. ती चांगली मोठी झाल्यावर काकांनी ओल्या ब्रशने अलगद काढून टाकली. दुसऱ्या सकाळी पावडर फुंकली, तर त्याच जाड दोऱ्या. अळी नव्हती, तरी कोळीण तिच्यासाठीच विणत होती.

"बघ," काका म्हणाले, "काढून टाकलं तरी उपयोग नाही. मग माणूस काय करणार?" काकू गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा मोकळा वाटला.

तरी ते रोज जात राहिले. चार-पाच दिवसांनी त्यांनी माझी बेल वाजवली. मला मागे घेऊन गेले. जाळं गोल होतं. एका बाजूला वाकडं, मध्येच फेरे सुटलेले, पण गोल. मी आनंदाने टाळीच वाजवली.

काका कट्ट्यावर बसले. "म्हणजे येतात गं परत," ते म्हणाले. "चार दिवस थांबावं लागतं फक्त."

"काका, अहो तो किडा आहे. माणसाचं वेगळं असतं."

"हिच्यावर कोणी ओरडलं नाही ना," ते म्हणाले, आणि भर सकाळी, वॉचमनसमोर, तोंडावर हात ठेवून रडायला लागले.

पुन्हा ते मागे गेले नाहीत. हळूहळू जेवण सुटलं. मुलगी येऊन त्यांना बडोद्याला घेऊन गेली. पावसाळा संपायच्या आत ते तिथेच वारले. तिचा मला फोन आला. म्हणाली, "बाबा शेवटी सारखे म्हणायचे, अजून चार दिवस द्या, चारच दिवस. डॉक्टरांना वाटलं, स्वतःसाठीच मागतायत. तुम्हाला काही माहीत आहे का?"

मी नाही म्हणून सांगितलं.