केरबाच्या पायाचं ड्रेसिंग

अंबूबाईंचा विश्वास फक्त उकळत्या पाण्यावर. माणसांवर मुळीच नाही. कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या ओपीडीत त्या बावीस वर्षं सिस्टर होत्या, आणि नर्सिंगच्या पोरींना ड्रेसिंगच्या खोलीत तयार करायचं काम त्यांच्याकडे होतं. पेशंट ‘गोळ्या घेतल्या’ म्हणाला की त्या पोरींना खुणावत, खोटं बोलतोय, पुडी उघडून बघा. बहुतेक वेळा पुडी भरलेलीच निघे, म्हणून त्यांचा स्वभाव आणखीच बळावला.

चौऱ्याहत्तर साली हा संशय नंदिनीवर येऊन बसला. पोरगी दुसऱ्या वर्षाची, अबोल, हाताला हलकी. पण तिच्या टेबलावरचे पेशंट पाच-सहा खेपांनंतर यायचेच बंद होत. कसबा बावड्याचा केरबा ऊस तोडताना कोयता लागून आलेला. पायाला वीतभर जखम, भरायला दोन महिने लागणार, आणि हा पंधरवड्यातच गायब! त्यात ही पोरगी व्हरांड्यातल्या बाकावर पेशंटच्या बायकांशी कुजबुजताना दोनदा दिसली.

बस्स. पोरगी पेशंट फोडते आणि त्यांच्या घरी जाऊन पैसे घेऊन चोरून ड्रेसिंग करते, असं अंबूबाईंनी ठरवूनच टाकलं. तिला विचारायची सोय नव्हती. विचारलं की चोर सावध होतो. शनिवारी तिच्या वर्षाच्या निकालावर शेरा लिहायचा होता. ‘वर्तन संशयास्पद’ एवढं लिहिलं की पोरीचं शिक्षण तिथंच संपणार, हे ठाऊक असूनही त्यांचा हात शिवशिवत होता. फक्त मुद्देमाल हवा होता.

शुक्रवारी ड्यूटी संपल्यावर साधं लुगडं नेसून त्या बावड्याच्या बसमध्ये बसल्या. केसपेपरवरच्या पत्त्यावरून केरबाचं घर सापडलं. अंगणात केरबा पाय लांब करून बसलेला, बायको बाळाबाई चुलीपाशी. पातेल्यात जुन्या धोतराच्या पट्ट्या उकळत होत्या. केरबानं सिस्टरना ओळखलं आणि पाय आखडून घेतला.

“कोण पावणं?” बाळाबाईनं विचारलं.

“दवाखान्यातनं आले. जखम बघू,” म्हणत अंबूबाई वाकल्या.

“अवं, हात लावू नगा! आदी हात धुवा!”

अंबूबाईंनी हात मागे घेतला. जखम लालचुटुक, स्वच्छ, निम्मी भरलेली होती.

“कोण करतं हे?”

“मीच की. त्या नंदिनी पोरीनं बाकावर बसवून शिकीवलं. म्हनली, रोजगार बुडवून किती येरझाऱ्या घालशीला? सा डाव माज्या हातनं करून घ्येतलं, तवा सोडलं. आता सोमवारी दावाय बोलीवलंय.” तांब्यातलं पाणी त्यांच्या हातांवर ओतता ओतता बाळाबाईचा आवाज खाली आला. “पर तिची मोठी शिष्टर लय संशयी हाय म्हनं. पास करंल न्हवं पोरीला?”

केरबानं डोळेच मिटून घेतले.

अंबूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेशंटला परत यावंच लागू नये, एवढं त्यांना बावीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

“पोरगी पास झाली,” त्या म्हणाल्या. “नापास झाली ती शिष्टर.”

बाळाबाईला काही कळलं नाही. तिनं त्यांचे हात उजेडात धरून उलटसुलट पाहिले.

“नखं ऱ्हायली की,” ती म्हणाली. “परत घासा.”