माळ उतरवून आलेला ड्रायव्हर

कार्तिक लागला, काळी वेष्टी, म्हणजे लुंगी, नेसून, गळ्यात माळ घालून अनवाणी चाललेली अय्यप्पाची व्रतस्थ माणसं रस्त्यावर दिसू लागली, की ती केस हटकून आठवते. निवृत्त होऊन अड्यारच्या घरात बसलोय, पण मन अजून शोळिंगनल्लूरच्या ठाण्यातच घुटमळतं. वायरलेसची खरखर, उकळून काळा झालेला चहा, आणि आमचे एट्टय्या, म्हणजे हेड कॉन्स्टेबल. मी तंजावरी मराठी, ते पक्के मदुरैचे, पण डबा दोघांचा एकत्र उघडायचा. काय दिवस होते ते!

एका संध्याकाळी सिग्नलजवळ एका कंपनीच्या गाडीनं फुलं विकणाऱ्या बाईंना उडवलं. मांडीचं हाड मोडलं. नियम साधा आहे: जखमीला दवाखान्यात न्यायचं आणि जवळच्या ठाण्याला कळवायचं. गाडीतल्यांनी बाईंना दवाखान्यात सोडलं, पण खबर गेली कंपनीच्या ऑफिसात. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापक उगवले, कडक इस्त्रीच्या शर्टात, टाइप केलेला अहवाल आणि ड्रायव्हर दोन्ही घेऊन. अपघात झाला की आधी ऑफिसला कळवायचं, असा आमचा शिरस्ता आहे, असं वर मलाच समजावू लागले. माझं डोकं तडकलं, पण अहवाल उघडून वाचू लागलो. आरोपी आपल्या पायांनी आलेला, कागद चोख. असं आयतं ताट समोर आलं की मला घास उतरत नाही.

तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला. नाव न सांगता कुणीतरी म्हणालं, स्टिअरिंगवरून उतरला तो ड्रायव्हर नव्हता, बूट घातलेला साहेब होता. फोन बंद. एवढ्यावर कोर्टात काही टिकत नाही. व्यवस्थापकांना बाहेर बाकावर बसवलं आणि ड्रायव्हरला आत घेतलं.

जबाब पढवलेला होता. गाडी मीच चालवत होतो, चूक माझीच. लायसन्स जाईल, तुरुंगही होईल, हे मी त्याला समजावलं. घरात कमावणारा तो एकटा. तरी तेच पालुपद. शेवटी एट्टय्यांनी सवयीनं खुर्ची पुढे केली, "बसा सामी." व्रत धरलेल्याला आमच्याकडे सगळे सामीच म्हणतात, मग तो हमाल असो की जज्ज.

"मला सामी म्हणू नका," तो खाली बघत म्हणाला.

मी आता नीट पाहिलं. काळी वेष्टी, वाढलेली दाढी, अनवाणी पाय, पण गळा मोकळा. शबरीमलेची यात्रा झाल्याशिवाय माळ उतरत नाही, उतरली तर घरात मृत्यू झाला म्हणून. एट्टय्यांनी हळूच तसं विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग माळ का उतरवली?"

त्याला रडू फुटलं. "माळ घालून खोटं बोलता येत नाही, अय्या. म्हणून सकाळी देवापुढे काढून ठेवली."

मग सगळं बाहेर आलं. घाई म्हणून व्यवस्थापकांनी स्वतः गाडी हातात घेतली होती आणि त्यांच्या लायसन्सची मुदत संपलेली होती. रात्रीतून ऑफिसात ठरलं, ड्रायव्हरला पुढे करायचं, बदल्यात नोकरी कायम. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते माझ्या हातून होता होता राहिलं. व्यवस्थापक आधी इंग्रजीत चिडले, मग त्यांनी वकील बोलावला. सिग्नलच्या कॅमेऱ्याचं चित्रण आलं तेव्हा मात्र त्यांचा सूर उतरला. बाईंचा भरपाईचा दावा खऱ्या माणसावर उभा राहिला.

नोकरीत खोटं बोलणारे ढिगानं पाहिले. पण त्यासाठी आधी देवाची रजा घेणारा हा एकच. तेव्हापासून समोरचा काय बोलतोय हे ऐकताना, हा घरी काय ठेवून आलाय, हेही मी शोधू लागलो.

त्याची नोकरी गेलीच. आता तो तांबरमला शाळेची गाडी चालवतो. त्या वर्षी त्याची शबरीमला हुकली, याचं मला फार वाईट वाटलं. पुढल्या कार्तिकात एका सकाळी दारात उभा, काळी वेष्टी, गळ्यात माळ. मी म्हणालो, ये, बस. तो बसेना. हसून म्हणाला, "अय्या, आता सामी म्हणा."

मी हात जोडले. "बसा, सामी."