दोन तऱ्हेची प्रभावळ

चौथीत शाळा सुटली. पुढं निजामाचं राज्य गेल्यावर काही वर्षांनी मी समुद्राकाठचं गाव सोडून तुळजापुरात चांदीकामाच्या दुकानात लागलो. वय विशीचं. हात बरा होता, धीर नव्हता. काही बिघडलं तर मालक परत धाडतील, या धास्तीनं घास गोड लागत नसे.

एका निवृत्त गुरुजींनी घरच्या देवीमागं उभी करायला चांदीची प्रभावळ सांगितली. त्यांना जुन्या विलायती चित्रांचा नाद. हैदराबादच्या बाजारातून आणलेली पानं ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालून ठेवत. त्यातलं एक त्यांनी मला दिलं. तिकडच्या कारागिरांनी बघून काम करावं म्हणून तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. कमानभर वळणारी पानं, डावीकडं शिंपले, उजवीकडं द्राक्षं आणि पंखवालं गुबगुबीत पोर. "अशी करा," म्हणाले.

मी रेघन् रेघ उतरवली. राळेवर पत्रा बसवून महिनाभर ठोकत होतो. शिंपले करताना तर गावच हाताखाली आल्यासारखं वाटलं.

जिलई झाल्यावर मालकांनी लांबून बघितलं. "काय रे कोकण्या, डावी एक न् उजवी एक? दोन्ही बाजू जुळ्या असत्यात, हे बी सांगावं लागतंय व्हय?"

"चित्रातच तसं आहे," मी कसंबसं म्हणालो. मनात वळकटी बांधून झाली होती.

गुरुजी सपत्नीक आले, बघितलं आणि हसतच बसले. "चूक माझी. ते लोक एकाच चित्रात दोन नमुने छापत. आवडेल ती अर्धी बाजू निवडायची, तीच उलटून पलीकडं करायची. सांगायचं राहिलं."

"मग एक बाजू वितळवू," मालक म्हणाले.

गुरुजींच्या पत्नी पंखवाल्या पोराच्या गालावरून बोट फिरवत होत्या. "हात लावायचा न्हाय. पूजा मी करते. आज इकडं बघीन, उद्या तिकडं. जुळ्या बाजू सगळ्यांच्याच घरी हायेत."

नवरात्रात त्यांच्याकडं हळदीकुंकवाला गेलेल्या दोघी दुकानात आल्या. "तसलीच पायजे, दोन तऱ्हेची."

मालक मान न वळवता मला म्हणाले, "जा, गुरुजींकडनं दुसरं पान आण. आन् बाजू जुळवत बसू नको."

गेलो, तर बाईंनी ट्रंक उघडण्याआधी ताट वाढलं. त्या दिवशी मी दोनदा भात मागून घेतला.