पाण्याला विचारणारे दामले सर

दामले सर वर्तकनगरला आमच्या सोसायटीत राहायला आले, त्याच दिवशी त्यांनी गेटपाशी बाटलीतलं सगळं पाणी जमिनीवर ओतलं आणि कमरेवर हात ठेवून ते कुठे जातंय हे पाहत उभे राहिले. वॉचमनला वाटलं, काहीतरी धार्मिक असावं. मला वाटलं, डोक्यावर थोडा परिणाम झालाय. खरं म्हणजे सगळी नोकरी मृदसंधारण खात्यात झालेली. उतार बघण्याची खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

नोकरीत त्यांनी डोंगरांवर खूप चर खणले आणि गावकऱ्यांनी त्यातले बरेचसे बुजवले. "कुणाला विचारून खणलेच नाहीत ना आम्ही," असं ते हसत सांगत, पण ते त्यांना लागलेलं होतं. गावाने आपणहून सांभाळलेला एक तरी उतार बघायचा, एवढीच इच्छा राहिली होती.

म्हणून कल्याणच्या पुढच्या एका गावात टेकडीच्या कामात ते पडले. माझ्याकडे गाडी होती, म्हणून मीही पडलो. पावसात टेकडीवरून मुरूम वाहून येई आणि खालच्या भाताच्या रोपांवर बसे. ते थांबवायचं हे सगळ्यांना मान्य. कसं, यावर दर रविवारी माथ्यावर भांडण. हे काम हाती घेतलेल्या संस्थेच्या तरुण तज्ज्ञ जोशी मॅडमना आडवे चर हवे होते आणि झाडांची तोड बंद. गावचे बारकूदादा म्हणत, चर खणले तर गवत कुठलं कापायचं? आणि पेरणीआधी फांद्या-पाला पसरून जमीन भाजायची, तो राब तर सोडणं शक्यच नाही. "राब नाय भाजला त रोपा कशी व्हतील, मॅडम?"

सर दोघांचंही नीट ऐकून घेत आणि म्हणत, "तुमचंही पटतं, यांचंही पटतं. आपण पाण्याला विचारू."

एकदा फारच पेटलं. बारकूदादांनी जाहीर केलं की पुढच्या रविवारपासून गावातलं कुणी येणार नाही. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी पाण्याची कळशी मागवली आणि माथ्यावर ओतली. पाणी मॅडमनी चरांसाठी आखलेल्या खुणांकडे गेलं नाही, की बारकूदादा राबासाठी तोडत त्या झाडांकडे. ते सरळ आमच्या पायवाटेत शिरलं आणि मुरूम घेऊन खाली धावलं. माती वाचवायला दर रविवारी वर चढून आम्हीच ती वाट ओहोळासारखी खोल करून ठेवली होती. सर दगडावर बसून पोट धरून हसले. मग बारकूदादा हसले, शेवटी मॅडमही.

जुनी वाट दगडांचे आडवे बांध घालून बंद करायची आणि नवी वळणावळणाने काढायची, यावर लगेच एकमत झालं. राबाचं भांडण मात्र चालूच राहिलं, फक्त आता ते चहा पीत होई.

पुढच्या वर्षी सर कायमचे नाशिकला मुलीकडे जायला निघाले. गुडघे गेले होते, तरी जाण्याआधी मला म्हणाले, एकदा टेकडीवर ने. पावसाळा सरत आला होता. जुन्या वाटेवर बांधांमागे माती साचून गवत उगवलं होतं आणि एका बांधाचे ढासळलेले दगड कुणीतरी पुन्हा रचले होते. सरांनी विचारलं, तेव्हा बारकूदादा म्हणाले, "आमच्या बायांनी रचले. कोनी सांगला नव्हता."

सरांनी कळशी ओतली. पाणी बांधापाशी थांबलं आणि हळूहळू मुरलं. सर बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"काय म्हनतंय पानी?" बारकूदादांनी विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले. "आज पहिल्यांदाच गप्प बसलंय."